ताबो गोंपा (स्पिती, हिमाचल प्रदेश)

हिमाचलच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात स्पिती नदीच्या काठावर ताबो गावात असलेला बौद्ध मठ. गोंपा म्हणजे मठ, आणि मुख्य जुन्या आवाराला 'छोसखोर' म्हणतात. उंची ३,००० मीटरच्या वर. बाहेरून बघणाऱ्याची बहुतेकदा निराशाच होते, कारण स्पितीतल्याच 'की' किंवा 'धनकर' या गोंपांसारखा हा गोंपा डोंगराच्या टोकावर बसलेला नाही, सपाट जमिनीवर मातीच्या जाड भिंतींची बुटकी बुटकी देवळं आहेत आणि मध्ये मातीचेच छोर्तेन (स्तूप). छपरं आपल्या मराठवाड्यातल्या माळवदासारखी, लाकडावर माती दाबून केलेली. जे काय आहे ते सगळं आत आहे.

स्थापनेचा काळ: साधारणपणे इ.स. ९९६ हे साल दिलं जातं, पण ते कुठून आलं हे समजून घ्यायला हवं, कारण कुठल्याही लेखात '९९६' असा आकडा लिहिलेला नाही. मुख्य देवळाच्या भिंतीवर रंगाने लिहिलेला एक तिबेटी लेख आहे, त्यात एवढंच म्हटलंय की पूर्वजाने हे देऊळ वानर वर्षात बांधलं आणि नंतर ४६ वर्षांनी जांगछुब ओ याने त्याचा जीर्णोद्धार केला. वानर वर्ष दर १२ वर्षांनी येतं, म्हणजे ९८४, ९९६, १००८ असे तिन्ही पर्याय कागदावर बसतात. त्यात ४६ मिळवले तर जीर्णोद्धार १०३०, १०४२ किंवा १०५४ मध्ये येतो. आता हा जांगछुब ओ म्हणजे गुगेच्या (पश्चिम तिबेटातलं जुनं राज्य) राजघराण्यातला तोच, ज्याच्या बोलावण्यावरून भारतातले बौद्ध पंडित आचार्य अतीश पश्चिम तिबेटात आले, आणि ते आले १०४२ च्या सुमारास. त्यामुळे ९९६/१०४२ ही जोडी सगळ्यात नीट जुळते आणि बहुतेक अभ्यासक तीच मानतात, इथेही तीच धरली आहे.

दुसरा घोळ संस्थापकाचा. गावात आणि गाईडच्या तोंडी बौद्ध ग्रंथ तिबेटीत आणणारा महान भाषांतरकार रिंचेन झांगपो (९५८–१०५५) याचंच नाव ऐकू येतं. लेखातला 'पूर्वज' मात्र राजघराण्यातला, म्हणजे गुगेचा राजा येशे ओ, असं धरलं जातं. रिंचेन झांगपो त्याच राजाच्या आश्रयाने काश्मीरला शिकायला गेला होता, येताना ३२ कारागीर घेऊन आला अशी परंपरा आहे, तेव्हा त्याचा संबंध असणं अगदी शक्य आहे, पण बांधणारा म्हणून राजाचं नाव पुढे ठेवणंच जास्त बरोबर वाटतं. तिबेटचे अभ्यासक फ्रँके १९०९ साली आणि तुच्ची १९३३ साली इथे येऊन गेले, पुढे कला-इतिहासकार क्लिमबुर्ग-साल्टर यांनी चित्रांचे दोन थर वेगळे करून दाखवले, प्रवेशदालनातली आधीची जरा साधी स्थानिक शैली आणि आतल्या सभागृहातली जीर्णोद्धाराच्या वेळची काश्मिरी वळणाची नाजूक शैली.

आतलं सभागृह (दुखांग): मधोमध चार दिशांना तोंड केलेला वैरोचन (मंडलाच्या केंद्रातला बुद्ध), आणि भिंतींवर माणसाएवढ्या ३२ मूर्ती, आपल्या डोक्याच्या वर भिंतीला टेकवलेल्या, अंधारात त्या हवेत बसल्यासारख्या दिसतात. सगळं मिळून वज्रधातू मंडल (वैरोचनाभोवती देवतांची ठरलेली मांडणी), म्हणजे आपण मंडलाच्या आत उभे असतो. मूर्ती शाडूच्या गणपतीसारख्याच न भाजलेल्या मातीच्या आहेत, आणि हजारेक वर्षं टिकल्यात हे समोर उभं राहिल्यावर खरंच वाटत नाही. मूर्तींच्या खाली चित्रांची पट्टी आहे. आत शिरून डावीकडून प्रदक्षिणा सुरू केली की आधी सुधनची गोष्ट लागते, हा सावकाराचा मुलगा ज्ञान शोधत पन्नासहून जास्त गुरूंकडे जातो आणि त्यात भिक्षू आहेत तसे नावाडी, सुगंधी द्रव्यं विकणारा, गणिका असेही आहेत. परतताना उजव्या भिंतीवर बुद्धचरित्र. म्हणजे चालणाऱ्याने आधी शोधणाऱ्याबरोबर चालायचं आणि मग बुद्धाबरोबर, ही मांडणी मला तरी चित्रांपेक्षाही जास्त भिडते.

'हिमालयातलं अजिंठा' हे नाव मराठी पर्यटकांना लगेच पटतं. मातीच्या गिलाव्यावर कोरड्या पद्धतीने रंगवणं हे दोन्हीकडे सारखं आहे, पण अजिंठ्याची शेवटची मोठी चित्रं पाचव्या शतकाच्या आसपासची आणि लेणी दगडात कोरलेली, ताबो बांधलेलं. गावामागच्या डोंगरात गुहा आहेत, त्या मात्र लामांच्या राहण्याच्या, एकीत थोडी चित्रंही आहेत.

मधल्या शतकांत मठ गेलुग पंथाकडे (दलाई लामांचा पंथ) आला, आजही तिथे लामा राहतात. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौर भूकंपात बरंच नुकसान झालं, त्यानंतर नवीन सभागृह बांधलं गेलं. १९८३ आणि १९९६ (सहस्राब्दी) मध्ये दलाई लामांनी इथे कालचक्र दीक्षा (तांत्रिक बौद्ध परंपरेतली मोठी सामूहिक दीक्षा) दिली. जुनं आवार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.

जाणं: शिमल्याहून किन्नौर, नाको, सुमदो करत येणारा रस्ता लांब पण उंची हळूहळू वाढते, त्यामुळे तोच बरा. मनालीहून कुंझुम खिंडीचा रस्ता बर्फामुळे उन्हाळ्यातच उघडतो आणि डोकं दुखायची शक्यताही तिकडूनच जास्त. स्पितीचं मुख्य गाव काझा इथून पन्नासेक किमी. भारतीयांना परमिट लागत नाही, ओळखपत्र ठेवावं.

आत फोटो काढायला बंदी आहे आणि ती मनापासून पाळावी. भिंतींना खिडक्या नाहीत, उजेड छताच्या झरोक्यातून येतो, म्हणून छोटी टॉर्च न्यावी पण ती भिंतीच्या अगदी जवळ धरू नये, भिंतीला हात किंवा सॅक लागू देऊ नये. दारातून आलं की निदान दहा मिनिटं नुसतं उभं राहावं, डोळे सरावले की आधी मूर्तींचे हात दिसायला लागतात, मग चेहरे. स्पिती पर्जन्यछायेत आहे म्हणून मातीचं छप्पर इतकी वर्षं चाललं, अलीकडे पाऊस वाढल्यावर पाणी झिरपतं आणि रंगावर मातीचे ओघळ येतात, ते झरोक्याच्या उजेडात दिसतात.