दम न कोंडता जाणारी शुद्ध

चोर्ला घाट उतरून गोव्यात स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन डायव्हिंग, करून आलेली बेळगावची पोरं बुडबुड्यांचं वर्णन हमखास करतात. त्या बुडबुड्यांत बराचसा ऑक्सिजन तसाच वाया जातो, कारण एका श्वासात शरीर त्यातला थोडाच वापरतं. रीब्रीदर नावाचं डायव्हिंगचं उपकरण तो वाया जाऊ देत नाही. सोडलेला श्वास नळीतून फिरतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड निघतो, खर्च झाला तेवढा ऑक्सिजन मिसळतो आणि तीच हवा पुन्हा छातीत येते. त्यामुळे पाण्याखाली काही तास राहता येतं. हेन्री फ्लूस या इंग्रजानं १८७८ मध्ये असं उपकरण बनवलं होतं.

कार्बन डायऑक्साइड शोषायला डब्यात सोडा लाइमचे दाणे असतात. त्यांतला मुख्य घटक कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे निपाणीकडे तंबाखू मळताना तळहातावर घेतात तो चुनाच. दाणे सैल भरले किंवा त्यांची ताकद संपली, तर वायू तसाच निसटतो. मग धाप लागते, डोकं ठणकतं, काही सुचेनासं होतं.

इथे निदान शरीर बोंब मारतं. ऑक्सिजन कमी पडला तर मात्र ते बहुधा गप्पच राहतं. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, आणि रीब्रीदर नेमका तोच काढून टाकतो. ऑक्सिजनची टाकी उघडायची राहून गेली, तर माणूस शांतपणे श्वास घेत घेत बेशुद्ध होतो.

आपल्या विहिरींतही हेच घडू शकतं. उन्हाळ्यात तळाशी जास्त वेळ कोण राहतो याची पैज लागते आणि बुडी मारण्याआधी एखादा भराभर खोल श्वास घेतो. त्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. दम कोंडल्याची जाणीव होण्याआधीच शुद्ध जाते आणि पट्टीचा पोहणारा आवाज न करता बुडतो. काठावरच्या मोठ्यांनी हे भराभर श्वास घेणं तिथल्या तिथे थांबवायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं.

ऑक्सिजन जास्त झाला तरी घात होतो. शुद्ध ऑक्सिजन साधारण ६ मीटरच्या खाली घेतला तर झटके येऊ शकतात, आणि आपल्याकडच्या कित्येक विहिरी याहून खोल आहेत. म्हणून बहुतेक रीब्रीदरमध्ये ऑक्सिजन मोजणारे तीन सेन्सर असतात. एक बिघडला तर उरलेल्या दोघांशी ताडून पाहता येतं. पण तिन्ही एकाच वेळी बसवलेले आणि सारखेच जुने असतील, तर तिन्ही मिळून चुकीचा आकडा दाखवू शकतात.

डॉ. अँड्र्यू फॉक यांनी २०१३ मध्ये १९९८ ते २०१० या काळातल्या रीब्रीदर डायव्हरांच्या १८१ मृत्यूंचा अभ्यास मांडला. हौशी रीब्रीदर डायव्हरचा जीव जाण्याचा धोका साध्या स्कूबाच्या सुमारे दसपट असावा, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणून जाणकार डायव्हर सुट्या हवेची वेगळी टाकी जवळ बाळगतात आणि जरा शंका आली की तिच्यावर श्वास घेत वर येतात. काही जण तोंडातली नळी पट्ट्यानं डोक्याला बांधतात. शुद्ध गेली तरी ती तोंडातून सुटत नाही, आणि सोबत्याला त्याला वर आणायला थोडा वेळ मिळतो.