ब्राउझरमधील मोफत ग्राफिक डिझाइन साधने

संगणकावर कोणतेही सॉफ्टवेअर न बसवता, थेट ब्राउझरच्या खिडकीत पोस्टर, लोगो, आकृत्या, समाजमाध्यमांवरची चित्रे किंवा ॲपचे आराखडे तयार करू देणारी आणि मूळ वापरासाठी पैसे न आकारणारी साधने. कॅनव्हा, फिग्मा, फोटोपी, पिक्सलर, पेनपॉट, एक्सकॅलिड्रॉ ही त्यांतील परिचित नावे. व्याख्या सोपी असली तरी तिच्यातले दोन शब्द निसरडे आहेत. 'ब्राउझरमधील' म्हटले तरी प्रत्यक्ष काम आणि फाइल वापरणाऱ्याच्या यंत्रात राहते की दूरच्या सर्व्हरवर, हे साधनागणिक बदलते. आणि 'मोफत'चे तर निदान तीन अर्थ होतात.

ब्राउझर मुळात मजकूर आणि चित्रे दाखवण्यासाठी होता, चित्रे काढण्यासाठी नव्हे. त्यामुळे पहिली साधने फ्लॅश या प्लगिनच्या, म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडायच्या प्रोग्रामच्या, आधाराने उभी राहिली. स्वीडनमधील ओला सेवांडर्सन यांचे पिक्सलर (२००८) हे त्या पिढीतले ठळक उदाहरण. फ्लॅशचे आयुष्य ३१ डिसेंबर २०२० रोजी अधिकृतपणे संपले, पण तोवर ब्राउझरच्या अंगी स्वतःचीच साधने आली होती. एसव्हीजी हे सदिश (पिक्सेलऐवजी रेषा-आकारांच्या मापांनी साठवलेल्या) चित्रांचे मानक २००१ पासून होते, ॲपलने २००४ मध्ये आणलेला 'कॅनव्हास' हा घटक पुढे सर्व ब्राउझरांनी स्वीकारला आणि २०११ मध्ये वेबजीएलमुळे ग्राफिक्स कार्डची ताकद वेबपानाला मिळाली. २०१७ पर्यंत प्रमुख ब्राउझरांत वेबअसेम्ब्ली पोचली. सी++ सारख्या भाषेत लिहिलेला भारी प्रोग्राम तिच्यामुळे ब्राउझरमध्ये, संगणकावर बसवलेल्या प्रोग्रामच्या जवळपास वेगाने चालतो.

एसव्हीजी आणि कॅनव्हास यांतला फरक लक्षात घेतला की पुष्कळ साधनांचे स्वभाव उलगडतात. कॅनव्हासवर वर्तुळ काढले की उरतात ते फक्त पिक्सेल; आपण वर्तुळ काढले होते हे कॅनव्हास विसरतो आणि ते लक्षात ठेवायची जबाबदारी साधनाची. एसव्हीजीमध्ये मात्र वर्तुळ हे वर्तुळच राहते: केंद्र, त्रिज्या, रंग यांसह. २००९ मध्ये सुरू झालेले एसव्हीजी-एडिट हे मुक्त साधन आणि स्पेनमधील कॅलिडॉस या कंपनीतून पुढे आलेले पेनपॉट ही एसव्हीजीच्या वाटेची उदाहरणे. फिग्माने तिसरी वाट धरली. डिलन फील्ड आणि इव्हान वॉलेस यांनी २०१२ मध्ये स्थापलेल्या या कंपनीने चित्र रेखाटणारे इंजिन सी++ मध्ये स्वतःच लिहिले आणि वेबजीएलवर चालवले. २०१६ मध्ये फिग्मा सर्वांसाठी खुले झाले. एकाच फाइलवर अनेकांचे कर्सर एकाच वेळी फिरताना दिसणे हे त्याचे खरे आकर्षण. 'अंतिम', 'अंतिम-२', 'खरोखर अंतिम' अशा नावांच्या फाइली ईमेलने पाठवणाऱ्यांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको. फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीने सप्टेंबर २०२२ मध्ये ही कंपनी सुमारे २० अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले होते. नियामकांच्या हरकतींमुळे डिसेंबर २०२३ मध्ये तो व्यवहार सोडून देण्यात आला.

ऑस्ट्रेलियात मेलनी पर्किन्स, क्लिफ ऑब्रेक्ट आणि कॅमेरॉन ॲडम्स यांनी उभे केलेले कॅनव्हा २०१३ मध्ये आले. त्याचा ग्राहक डिझायनर नव्हताच. कोऱ्या पानापासून सुरुवात करण्याऐवजी तयार टेम्पलेट घ्यायचे आणि त्यातला मजकूर, फोटो, रंग बदलायचे ही त्याची रीत. त्यामुळे ज्याला लेयर (चित्रातले एकावर एक रचलेले थर) म्हणजे काय हे ठाऊक नाही त्याचेही काम होते. आणि त्यामुळेच एका ओळखीच्या टेम्पलेटची भावंडे जिकडेतिकडे भेटतात.

फोटोपी याच्या अगदी उलट टोकाला. इव्हान कुट्स्किर यांनी ते जवळजवळ एकहाती लिहिले. दिसायला ते फोटोशॉपच्या वळणाचे आहे आणि फोटोशॉपची पीएसडी फाइल लेयरसकट उघडते. फाइल सर्व्हरवर चढवली जात नाही. सारे काम वापरणाऱ्याच्याच यंत्रात होते. पान एकदा उघडल्यावर इंटरनेट तुटले तरी बहुतेक काम चालू राहते. गोपनीय कागदपत्रांवर काम करायचे असेल तर वैशिष्ट्यांच्या यादीपेक्षा ही एक गोष्ट महत्त्वाची.

फोटोपीचा खर्च मुख्यतः बाजूच्या जाहिरातींतून निघतो. हा मोफतचा एक अर्थ. दुसरा कॅनव्हा आणि फिग्माचा: पायाभूत गोष्टी फुकट, पुढच्या सशुल्क. कॅनव्हात सशुल्क चित्रांवर मुकुटाची खूण असते. ती न पाहता पान सजवले, की डाउनलोड करताना वॉटरमार्क (चित्रावर उमटलेली पुसट खूण) समोर येतो आणि मग चित्र काढा नाहीतर पैसे भरा, एवढेच हाती उरते. तिसरा अर्थ मुक्त स्रोताचा. पेनपॉट आणि एक्सकॅलिड्रॉ यांचा मूळ कोड खुला असून संस्था ही साधने स्वतःच्या सर्व्हरवर बसवू शकतात. यात पैसे लागत नाहीत असे नाही. सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतोच.

देवनागरीत काम करणाऱ्याची खरी परीक्षा मजकुरापाशी होते. 'वार्षिक' हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक संकेतपद्धतीत, सात चिन्हांनी साठवला जातो: व, काना, र, हलन्त, ष, पहिली वेलांटी, क. पडद्यावर मात्र वेलांटी उडी मारून 'ष'च्या आधी येते आणि 'र' रफार होऊन 'ष'च्या डोक्यावर चढतो. ही जुळणी ब्राउझरचे मजकूर-इंजिन करते. एसव्हीजी किंवा कॅनव्हासवर अक्षरे ब्राउझरकडूनच काढून घेणाऱ्या साधनाला ती आयती मिळते. वेबजीएलला मजकूर हा प्रकारच माहीत नसल्याने त्यावर उभ्या साधनाला जुळणीची व्यवस्था स्वतः करावी लागते. ती कच्ची राहिली तर वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरे हलन्तांसह सुटी पडतात. पीडीएफ सर्व्हरवर वेगळ्या इंजिनाने तयार होत असेल, तर पडद्यावर बरोबर दिसलेला शब्द फाइलमध्ये बिघडू शकतो. म्हणून डाउनलोड केलेली फाइल पुन्हा उघडून वाचणे भाग आहे. पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हवे असतील तर आणखी एक अट येते. काही फॉन्टांत ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे साधनाने कळवल्यावरच ती उमटतात, आणि तशी सोय पुष्कळ साधनांत नसते. त्यापेक्षा मुळातच मराठी वळणाचा फॉन्ट निवडणे सोपे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतला मजकूर इथे चिकटवला तर रोमन अक्षरांची खिचडी दिसते.

छपाईसाठी ही साधने वापरताना दुसरी अडचण येते ती मापांची. वेबच्या हिशेबाने, म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल धरून, ए-४ पान ७९४ × १,१२३ पिक्सेलचे होते. तेच पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचे तर २,४८० × ३,५०८ पिक्सेल लागतात. पहिल्या मापाचे पीएनजी छापखान्यात दिले की अक्षरांच्या कडा फुटतात, मग पडद्यावर ते कितीही सुबक दिसो. रंगांचेही तसेच. ब्राउझर आरजीबीत (लाल, हिरवा, निळा प्रकाश) काम करतो, ऑफसेटची शाई सीएमवायकेची (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी). पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा निळा कागदावर मंदावतो. कटिंगसाठी चारही बाजूंना साधारण ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) सोडण्याची सोय आता बऱ्याच साधनांत आहे.

टेम्पलेट किंवा संग्रहातले चित्र वापरण्याचा परवाना मिळतो, मालकी नाही. तेच चित्र इतरांनाही खुले असल्याने त्यावर बेतलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवणे अडचणीचे ठरते.

खाते बंद पडले किंवा साधनच गुंडाळले गेले तर काय हाती उरते, हे फाइलच्या प्रकारावर ठरते. फिग्माची फाइल संगणकावर उतरवता येते, पण तिचा आराखडा बंदिस्त आहे. पीएनजीत लेयर राहत नाहीत. एसव्हीजी कोणत्याही सदिश साधनात उघडते. पण एक्स्पोर्ट करताना मजकुराचे वक्ररेषांत रूपांतर झालेले असेल, तर त्यातली वेलांटीची एखादी चूक सुधारायला तो शब्द पुन्हा नव्याने टाइप करावा लागतो.