ब्रेक द्रव, शर्यतीच्या मोटारींचा

शर्यतीच्या किंवा ट्रॅकवर वेगाने चालवायच्या मोटारींच्या द्रवचालित ब्रेकमध्ये वापरला जाणारा, उच्च उत्कलनांकाचा द्रव. गॅरेजमध्ये त्याला ब्रेक ऑइल म्हणतात. पेडलवर दिलेला दाब मास्टर सिलिंडरपासून (पेडलशी जोडलेला मुख्य पंप) कॅलिपरच्या (चाकाजवळ डिस्कला पॅडने चिमटणारा भाग) पिस्टनपर्यंत पोहोचवणे हे त्याचे काम. द्रव जवळजवळ दाबला जात नाही म्हणूनच ते साधते. शर्यतीत चाकाबरोबर फिरणारी बिडाची डिस्क ६००° ते ७००° से.पर्यंत तापून लाल दिसू लागते आणि तिची काही उष्णता पॅड (डिस्कवर घासणारी पट्टी) व पिस्टनमधून द्रवात उतरते. द्रव उकळला तर नळीत वाफेचे बुडबुडे धरतात. वाफ सहज दाबली जात असल्याने पेडल तळाला टेकते, पण गाडी थांबत नाही.

हे उकळणे बहुधा ब्रेक दाबलेला असताना होत नाही. त्या वेळी नळीतील दाब वातावरणाच्या दाबाच्या अनेक पट असतो आणि उत्कलनांकही त्याबरोबर वर जातो. पाय उचलला की दाब उतरतो आणि वाफ धरते. त्यामुळे बिघाड कळतो तो पुढच्या वळणाशी. लांब सरळ पट्टीच्या शेवटी ब्रेक लावण्याआधी अनुभवी चालक पेडलला हलकेच टिचकी देऊन पाहतात, त्याचे एक कारण हेच. गाडी पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत) उभी राहिल्यावरही धोका टळलेला नसतो. वाऱ्याचा झोत थांबतो, डिस्क व पॅडमधील उष्णता कॅलिपरमध्ये मुरत राहते आणि काही मिनिटांनी पेडल स्पंजासारखे लागते. शेवटची फेरी ब्रेक फारसे न वापरता सावकाश घेण्याची पद्धत यासाठीच आहे. पॅड अतितप्त झाल्यावर येणारा दोष वेगळा : तेव्हा पेडल घट्टच राहते, पण गाडी हवी तशी आवरत नाही. हा फरक न ओळखता महागडा द्रव भरण्याचा काही उपयोग होत नाही.

इतिहास : द्रवचालित ब्रेक मोटारीत प्रथम कोणी आणले याबद्दल एकमत नाही. अमेरिकन मोटार-निर्माते फ्रेड ड्यूसेनबर्ग यांनी १९१४ च्या सुमारास आपल्या शर्यतीच्या मोटारींवर असे ब्रेक बसवले होते, पण त्यांचे एकस्व (पेटंट) घेतले नाही, असे अमेरिकेतील काही लेखक मानतात. दुसरा पक्ष माल्कम लॉकहीड यांच्या १९१७ च्या सुमाराच्या एकस्वाला अग्रमान देतो. विमाननिर्मितीत गाजलेल्या ॲलन लॉकहीड यांचे ते बंधू. एकस्वाचा कागद हाती असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शर्यतीपुरते पाहायचे तर १९२१ हे वर्ष सर्वांत सुरक्षित म्हणता येईल. त्या वर्षी ल मान्स येथे झालेली फ्रेंच ग्रां प्री जिमी मर्फी यांनी ड्यूसेनबर्ग मोटारीतून जिंकली. तिच्या चारही चाकांना द्रवचालित ब्रेक होते. त्यांत पाणी व ग्लिसरीन यांचे मिश्रण होते असे सांगतात. मात्र त्या काळच्या द्रवांच्या नेमक्या घटकांविषयीचे उल्लेख एकमेकांशी जुळत नाहीत. पुढे एरंडेल व अल्कोहॉल यांची मिश्रणे बराच काळ चालली. ड्रम ब्रेकला (चाकातील पोकळ ड्रमवर आतून घासणारे ब्रेक) ती पुरत.

डिस्क ब्रेक आल्यावर परिस्थिती बदलली. ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉस यांनी १९५२ मध्ये फ्रान्समधील रॅंस येथे आणि जॅग्वार संघाने १९५३ मध्ये ल मान्स येथे डनलॉप डिस्क ब्रेकच्या जॅग्वार सी-टाइप मोटारींतून विजय मिळवला. डिस्कमध्ये पिस्टन तप्त पॅडला थेट टेकलेला असतो, म्हणून द्रवाच्या उत्कलनांकाचा प्रश्न ठळक झाला.

प्रतवारी : अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ११६ या वाहन-सुरक्षा मानकातील प्रती जगभर रूढ आहेत; ‘डॉट’ हे तेथील परिवहन खात्याचे लघुरूप. डॉट ३ चा किमान उत्कलनांक २०५° से., डॉट ४ चा २३०° से., तर डॉट ५ व डॉट ५.१ यांचा २६०° से. ही मूल्ये ताज्या, कोरड्या द्रवाची आहेत. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यानंतरची, म्हणजे ओली किमान मूल्ये अनुक्रमे १४०°, १५५° व १८०° से. आहेत. डॉट ५ सिलिकोनचा असून पाणी शोषत नाही. पण तो अधिक दाबला जातो, हवा धरून ठेवतो आणि आत शिरलेले पाणी तळाशी साचू देतो. म्हणून शर्यतीत तो टाळतात. इतर तिन्ही ग्लायकॉल ईथर वर्गातील असून एकमेकांत मिसळतात, डॉट ५ मात्र त्यांच्यात मिसळत नाही.

आकडा मोठा म्हणजे द्रव सरस, हा समज इथे फसवतो. शर्यतीचे बहुतेक द्रव डॉट ४ म्हणूनच विकले जातात, कारण प्रत ही किमान अट आहे. डॉट ५.१ चे वेगळेपण मुख्यतः थंडीतील पातळपणात आहे : −४०° से.ला त्याची श्यानता (दाटपणा) ९०० मिमी²/सेकंदापेक्षा जास्त चालत नाही, डॉट ४ ला १,८०० पर्यंत मुभा आहे. एबीएसच्या (चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक झडपांना पातळ द्रव मानवतो.

निवड : उत्पादकांच्या माहितीनुसार मोतुल आरबीएफ ६०० चा कोरडा उत्कलनांक सुमारे ३१२° व ओला सुमारे २०५° से. आहे, कॅस्ट्रॉल एसआरएफचे आकडे सुमारे ३२०° व २७०° से. कोरड्या आकड्यांत दोघांत फारसे अंतर नाही, ओल्यात मोठे आहे. एसआरएफ सिलिकॉन एस्टरवर आधारलेला असून त्यातील घटक पाण्याशी रासायनिक क्रिया करून त्याला बांधून ठेवतात. डॉट ४ मधील बोरेट एस्टरही हेच काम करतात, पण कमी प्रमाणात.

यावरून दोन मते आहेत. एक पक्ष म्हणतो, महाग द्रव एकदा भरावा आणि हंगामभर चालवावा. दुसरा म्हणतो, मध्यम किमतीचा द्रव दर शर्यतीआधी बदलावा. दुसरी शिस्त पाळणाऱ्याला ओल्या आकड्याची चिंता उरत नाही. शिवाय ब्लीड करताना, म्हणजे जुना द्रव व हवा बाहेर काढताना, नळ्या, सील आणि निपल (कॅलिपरवरील निचऱ्याचे तोंड) यांवर नजर फिरते, हा लाभ कोणत्याही द्रवात मिळत नाही. वर्षाकाठी दोन-तीनदाच ट्रॅकवर जाणाऱ्या, एरवी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मात्र ओला उत्कलनांक उंच असलेला द्रवच योग्य. कोकणासारख्या दमट हवेत हे अधिकच खरे, कारण पाणी रबरी नळ्यांमधूनही झिरपते. उघडलेला डबा पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. शर्यतीचे बरेच द्रव अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत मिळतात ते सोयीचे पडते.

खरी गरज मोजूनही कळते. कॅलिपरवर तापमानदर्शक पट्टी चिकटवली की गाठलेल्या सर्वोच्च अंशाचा चौकोन कायमचा काळा पडतो. चौकोन २००°च्या आसपास थांबला असेल, तर आधी ताजा द्रव आणि ब्रेककडे वारा नेणारा हवेचा डक्ट यांचा विचार करावा.

बदलताना : निपलला पारदर्शक नळी लावून जुना द्रव पूर्ण जाईपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत पेडल मारतात, टाकीतील पातळी खाली जाऊ देत नाहीत, नाहीतर हवा पुन्हा आत शिरते. आटे कंपनीचा निळा द्रव याच कामी लोकप्रिय होता : पिवळसर व निळा आलटूनपालटून भरला की नळीत रंग बदललेला लगेच दिसे. ग्लायकॉल द्रव रंगहीन ते पिवळसर असावा अशी अट असल्याने अमेरिकेत त्याची विक्री थांबली. द्रव रंगावर सांडल्यास रंग उखडतो. तो ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावा. भाग पेट्रोलने धुवू नयेत, सील फुगतात.

भारतात : ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर (लांबी ५.१२५ किमी.) एक किमी.हून लांब सरळ पट्टी असून तिच्या टोकाला ब्रेकवर मोठा ताण येतो. कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा होत आली आहे. अशा स्पर्धांतील ब्रेक चाचणीत चारही चाके एकदम जाम व्हावी लागतात. या गाड्या हलक्या असल्याने त्यांच्या कॅलिपरमध्ये फारशी उष्णता साचत नाही आणि ताजा, नीट ब्लीड केलेला साधा डॉट ४ त्यांना पुरतो.