पार्श्वभूमी: फील्ड टार्गेट आणि ‘झिरो’चा घोळ

पुण्यात कुणी ‘रायफल झिरो करून आणली’ असं म्हणालं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बालेवाडीची रेंज येते. १० मीटरचं अंतर, कागदी लक्ष्य आणि त्याच्या मधोमध अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. १९८४ साली १० मीटर एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली. त्यानंतर आपल्याकडे एअर रायफल म्हणजे हाच प्रकार, असं समीकरण होऊन बसलं. २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवणारा कोल्हापूरचा नेमबाज याच बालेवाडीत सराव करायचा, त्यामुळे शहराला या खेळाचं अप्रूपही आहे. या परंपरेत झिरो या शब्दाबद्दल वाद नाही, कारण अंतर बदलतच नाही. पाच छर्रे मारायचे, ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, कुठे पडला ते बघायचं, मागच्या साईटची चकती एकेक क्लिक फिरवून तो मध्यावर आणायचा. काम झालं.

फील्ड टार्गेटकडे वळलेल्या पुणेकरांची पंचाईत नेमकी इथून सुरू होते. शब्द तोच राहतो आणि अर्थ पायाखालून सरकतो.

हा खेळ इंग्लंडचा. १९८० साली ससेक्स परगण्यात त्याची पहिली स्पर्धा झाली. ससे, कावळे, उंदीर यांच्या आकाराचे पत्रे, त्यांना एक गोल भोक आणि भोकामागे एक पट्टी. छर्रा भोकातून जाऊन पट्टीला लागला तर पत्रा आडवा होतो. भोकाच्या कडेला लागला तर नुसता ठण्ण आवाज येतो आणि गुण शून्य. हवेच्या बंदुकांचा इतिहास याहून बराच जुना आहे. १७८० मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने वीसेक गोळ्या मावणारी हवेची रायफल वापरात घेतली होती. पण नमनाला घडाभर तेल नको. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख १९६९ आहे. त्या वर्षीच्या ब्रिटिश नियमांनी परवान्याशिवाय बाळगायच्या एअर रायफलला १२ फूट-पाउंड, म्हणजे साधारण १६.३ जूल ऊर्जेची मर्यादा घातली. पुढे खेळ जन्मला तो या कुंपणाच्या आत, आणि जागतिक स्पर्धांनीही तीच मर्यादा उचलली.

या मर्यादेतून छऱ्याचा सगळा स्वभाव ठरतो. अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड असा ४.५ मिलिमीटरचा छर्रा १६ जूलवर सेकंदाला साधारण २४० मीटर वेगाने सुटतो आणि ५० मीटरला पोचेपर्यंत नळीच्या रेषेपासून पाऊण फुटाहून जास्त खाली आलेला असतो. त्यात पत्रे ८ मीटरपासून ५० मीटरपर्यंत कुठेही लावलेले. अंतर कुणी सांगत नाही, आणि लेसरने मोजायला बंदी. भोक मोठ्यात मोठं ४० मिलिमीटरचं. जवळच्या पत्र्यांना ते २५ किंवा १५ मिलिमीटरचंही असू शकतं.

मग झिरो कुठल्या अंतरावर लावायचा? या खेळातली सगळ्यात जुनी आणि अजून न मिटलेली भांडणं याच प्रश्नावरची आहेत.

आधी गणिताची बाजू. स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, नळीच्या वर साधारण ५ सेंटीमीटरवर बसतो. म्हणजे छर्रा नजरेच्या रेषेच्या खालून निघतो, वर चढतो, रेषा ओलांडतो आणि पुढे पुन्हा खाली येतो. ‘झिरो ३२ मीटरला आहे’ असं कुणी म्हणालं तर ते अर्धंच बोलणं झालं. त्याच रायफलचा दुसरा झिरो १५-१६ मीटरच्या आसपास असतोच, मालकाला माहीत असो वा नसो. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात छर्रा रेषेच्या जेमतेम सेंटीमीटरभर वर चालतो. एका पक्षाला हेच प्रिय आहे. मधल्या अंतरांवर फारसा विचार न करता मारता येतं, आणि उरलेल्यांसाठी नेम सरकवायचा.

नेम सरकवणं ही कला पुण्याला नवी नाही. नवरात्रात चतुःशृंगीच्या जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीची साईट सरळ असेल अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही. सराईत पोरं पहिला छर्रा मुद्दाम वाया घालवतात. तो कुठे जातो ते बघतात आणि उरलेले तितकं बाजूला धरून मारतात. स्कोपमधल्या खुणांवर नेम वर धरून मारणाऱ्यांचं शास्त्र याहून फार वेगळं नाही, फक्त महाग आहे.

दुसरा पक्ष म्हणतो की झिरो हे अंतर नाही, तो छऱ्याच्या वाटेचा माथा आहे. स्कोप असा लावायचा की छर्रा नजरेच्या रेषेला फक्त एकदा, खालून, टेकून जाईल. वर सांगितलेल्या मापांत हा बिंदू २२-२३ मीटरला येतो. त्याचा फायदा असा की छर्रा कुठल्याही अंतरावर रेषेच्या वर जात नाही. दुरुस्ती कायम एकाच दिशेची. टरेट, म्हणजे स्कोपवरची क्लिक फिरवायची घुंडी, त्या बिंदूपाशी शून्यावर लॉक केला की हात आपोआप थांबतो आणि ‘वर की खाली?’ हा प्रश्नच उरत नाही. गंमत अशी की पाव मिनिटाच्या क्लिकांत (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) मोजलं तर ५० मीटरसाठी साधारण ३० क्लिक लागतात, आणि ८ मीटरसाठीही जवळपास तेवढेच, थोडे जास्तच. नाकासमोरचा पत्रा आणि शेताच्या पलीकडच्या बांधावरचा पत्रा यांना सारखेच क्लिक! हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास कागद-पेन्सिल मागतो.

पहिल्या पक्षाचं म्हणणं कमी लेखायचं कारण नाही. क्लिक फिरवायला वेळ लागतो, प्रत्येक नेमाला ठरावीक वेळच मिळते, आणि स्वस्त स्कोपचा टरेट गेल्या वाटेने परत येईलच याची खात्री नसते. पण आपल्याकडे या पक्षाला जे बळ मिळालं ते या कारणांमुळे नाही, १० मीटरच्या सवयीमुळे मिळालं. झिरो म्हणजे ‘जिथे धरलं तिथे लागलं’ ही समजूत डोक्यात पक्की असली, की कुठलं तरी एक आवडतं अंतर निवडून तिथे समाधान मानायचा मोह होतो. मीही दोन हंगाम तेच केलं.

गोंधळात भर घालायला मोजमापाची एककं आहेत. जुने नियम यार्डांत, नवे मीटरांत. ५५ यार्ड म्हणजे ५०.३ मीटर. ३५ ला झिरो केला, असं एकाने सांगावं आणि दुसऱ्याने ते मीटर समजून पाळावं, यातच तीन मीटर गेले.

आणि तीन मीटर म्हणजे काय, तर ४५ मीटरच्या पुढे छर्रा दर मीटरला सात-आठ मिलिमीटर खाली येतो. ४० मिलिमीटरच्या भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत २० मिलिमीटरच असतात. अंतर तीन मीटरने चुकलं तर नेम कितीही अचूक असो, पत्रा उभाच. त्यामुळे गेल्या काही दशकांत साईट लावण्याचा मुख्य भाग झिरोवरून अंतर ओळखण्याकडे सरकला. मोठ्या पॉवरच्या स्कोपच्या बाजूला भलंमोठं चाक बसवायचं, फोकस जिथे लख्ख दिसतो तिथल्या चाकावरच्या पट्टीवर मीटर लिहायचे. मग फोकस म्हणजेच मोजपट्टी. पट्टी बनवायला टेपने मोजलेल्या अंतरांवर अख्खी सकाळ जाते. झिरोला अर्धा तास पुरतो.

स्प्रिंग रायफलींच्या काळात मात्र मूळ झिरोच टिकवणं हे निम्मं काम होतं. स्प्रिंग सुटली की रायफल आधी मागे आणि मग पुढे झटका देते. स्कोप धरून ठेवणारा माउंट हळूहळू मागे सरकतो, हलक्या स्कोपची आतली तार तुटते, आणि रायफल घट्ट आवळून धरली तर ग्रुप दुसरीकडेच पडतो. ‘परवापर्यंत नीट होती’ हे वाक्य त्या काळात रोज ऐकू यायचं. हवा आधीच भरून ठेवायच्या रायफली आल्या, त्यांत दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर बसला, आणि ही तक्रार बरीचशी संपली.

भारतात हे सगळं कायद्याच्या चौकटीत बसतं का, हा प्रश्न २०१६ पर्यंत जरा विनोदीच होता. एक इंच जाडीच्या लाकडी फळीतून छर्रा आरपार जातो की नाही, यावर बंदुकीचं स्वरूप ठरायचं. २०१६ च्या शस्त्र नियमांनी आकडे दिले: २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नळी असेल तर परवाना हवा. ब्रिटिशांची १६.३ जूलची मर्यादा आपल्या २० जूलच्या आत आरामात बसते. ठरवून केलेलं नाही, पण इथे हा खेळ शक्य होण्यामागे हा योगायोग आहे. जागेचा प्रश्न मात्र वेगळा. वेताळ टेकडीवर पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी असते, तिथे एअर रायफल काढायचा विचारही करू नये. खासगी शेत, मागे मातीचा उंच बांध आणि मालकाची परवानगी, एवढं जमवावंच लागतं.

पुण्याच्या हवेचं एक प्रकरण ब्रिटिश अनुभवात तेवढ्या तीव्रतेने येत नाही. डिसेंबरच्या पहाटे इथे पारा १०-१२ अंशांवर असतो, दुपारी तो ३० च्या जवळ जातो. स्कोपच्या भिंगांतली अंतरं तापमानाने किंचित हलतात आणि चाकावरची ५० ची खूण ४७ किंवा ५३ होऊन बसते. म्हणून इथे काही जण चाकावर दोन पट्ट्या चिकटवतात, सकाळची निळी आणि दुपारची लाल, आणि साधारण साडेदहाच्या सुमाराला कुठली वाचायची यावर पुन्हा वाद घालतात.