सायकलचा बजेट शॉकअप : पारख व सुधारणा

सस्पेन्शन फोर्क म्हणजे सायकलचे पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणारा आणि त्याच वेळी रस्त्याचे हादरे गिळणारा चिमटा. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही त्याला सरसकट ‘शॉकअप’ म्हणतात. शब्द मोटारसायकलीवरून आला, आणि कल्पनाही तिकडचीच. तेलाचे डँपिंग (उसळी जिरवण्याची सोय) असलेला, नळीत नळी सरकणारा फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आपल्या मोटारसायकलींवर आणला. माउंटन बाइकवर तो रुळायला त्यानंतर अर्धे शतक गेले. पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा फोर्क १९८९ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील ड्युरँगो येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने रॉकशॉक्स लावलेल्या सायकलवर डाउनहिल शर्यत जिंकली. मग शॉकअप नसलेली माउंटन बाइक जुनाट वाटू लागली आणि स्वस्त सायकलींनाही शॉकअपसारखे दिसणारे काहीतरी बसू लागले. ही नोंद त्या ‘काहीतरी’विषयी आहे.

वरच्या दोन गुळगुळीत नळ्यांना स्टँचियन म्हणतात. त्या खालच्या जाड पायांत आत-बाहेर सरकतात. आत स्प्रिंग असते. चांगल्या फोर्कमध्ये एका पायात स्प्रिंग आणि दुसऱ्यात डँपर अशी वाटणी असते. स्प्रिंग दणका साठवून ठेवते, डँपर तो तेलातून जिरवतो. अगदी स्वस्त फोर्कमध्ये डँपर नसतोच. त्यामुळे साठवलेला दणका तसाच्या तसा हँडलवर परत येतो आणि सायकल उड्या मारू लागते. सनटूरची एक्ससीटी मालिका हे या वर्गाचे सर्वांत ओळखीचे उदाहरण: पोलादी स्प्रिंग, २८ किंवा ३० मिमीच्या स्टँचियन आणि अडीच किलोच्या आसपास वजन. त्याच कंपनीच्या वरच्या पायरीवरील एक्ससीआरमध्ये ३२ मिमीच्या नळ्या येतात, आणि हवेवर चालणारा रेडॉन घेतला तर वजन दोन किलोच्या जवळ उतरते. फोर्क किती मिलिमीटर दबतो हा आकडा दुकानात सर्वांत आधी सांगितला जातो. पारख करताना तो सर्वांत शेवटी पाहावा.

हे कोकणात दुप्पट खरे ठरते. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, जांभ्याचा कातळ असतो, छिद्राछिद्रांचा आणि खरबरीत. तिथे मोठे खड्डे थोडे, बारीक दचके अखंड. जड, कोरडा पडलेला फोर्क अशा बारीक दचक्यांना हलतच नाही. नळ्या जागच्या जागी अडकून राहतात आणि मनगटे दुखतात. (सड्यावर सायकल घालताना एक भान ठेवावे: याच कातळांवर कातळशिल्पे कोरलेली आहेत. त्यांच्यावरून चाक नेऊ नये.) पाखाडीच्या पायऱ्या उतरताना मात्र उलटे होते. तिथे डँपर नसलेला फोर्क प्रत्येक पायरीला तळाला आपटतो.

तरीही किनाऱ्यावरच्या फोर्कचा मोठा वैरी दगड नव्हे, खारी हवा. स्वस्त फोर्कच्या स्टँचियन क्रोम चढवलेल्या पोलादाच्या असतात. क्रोमला टाचणीएवढे छिद्र पडले की गंज आत शिरतो आणि तो खरखरीत डाग वर-खाली सरकताना रबरी सील कुरतडतो. खालचे पाय बहुतेकदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात. मॅग्नेशियमला मिठाचे पाणी अजिबात सोसत नाही. रंगाचा टवका उडाला की तिथे पांढरी भुकटी धरू लागते. गुहागर किंवा केळशीच्या पुळणीवर दोन तास फिरून आलेली सायकल तशीच पडवीत उभी केली, तर वाळू सीलच्या ओठात आणि मीठ बोल्टांच्या कडेला बसते. दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटीत चढता-उतरताना खारे पाणी लागले तरी तेच. गोड्या पाण्याची बादली आणि फडके पुरते. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर पाइपने धुऊ नये. त्या धारेने पाणी सील ओलांडून आत जाते.

पारख करायला फार हत्यारे लागत नाहीत. लहानसे लोहचुंबक स्टँचियनला लावून पाहावे. चिकटले तर पोलाद, नाही तर ॲल्युमिनियम. नख नळीवरून वर-खाली फिरवावे, ते जिथे अडकते तिथे गंजाचा खळगा आहे. मग पुढचा ब्रेक आवळून सायकल पुढे-मागे हलवावी. ‘कट्कट्’ ऐकू आली की लोक लगेच फोर्कला दोष देतात, पण बऱ्याचदा ढिला असतो तो हेडसेट, म्हणजे फोर्कची दांडी फ्रेममध्ये जिच्यावर फिरते ती बेअरिंगची जोडी. एक बोट हेडसेटच्या सांध्यावर आणि नंतर नळी पायात शिरते तिथे ठेवले की खेळ नेमका कुठे आहे ते कळते. शेवटी हँडल जोरात दाबून सोडावे. फोर्क टाळी वाजवल्यासारखा उसळून आला तर रिबाउंडचे, म्हणजे परत उसळण्याचे, डँपिंग नाही. पायाच्या तळाशी रिबाउंडची घुंडी असेल तर ती दोन्ही टोकांना फिरवून हाच प्रयोग करावा. उसळीच्या वेगात फरक पडायला हवा.

वरच्या टोपणावरील प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणाऱ्या, घुंडीविषयी मोठा गैरसमज आहे. तिने स्प्रिंग कडक किंवा मऊ होत नाही. सायकलवर बसल्यावर फोर्क किती खाली बसतो, एवढेच बदलते. या बसण्याला सॅग म्हणतात. नळीला दोरा किंवा रबरबँड बांधून अलगद बसावे आणि उतरून तो किती सरकला ते मोजावे. १०० मिमी चालणाऱ्या फोर्कला १५ ते २५ मिमी सॅग ठीक. पन्नास किलोच्या माणसाला प्रीलोड पूर्ण सैल करूनही जेमतेम पाच मिमी मिळत असेल तर स्प्रिंगच त्याच्यासाठी कडक आहे. काही मॉडेलना मऊ आणि कडक स्प्रिंग सुट्या मिळतात, आणि नवा फोर्क घेण्यापेक्षा ही अदलाबदल कितीतरी स्वस्त पडते.

त्याआधी टायर पाहावेत, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. टायरच्या कडेवर छापलेला सर्वाधिक दाब, बहुधा ६५ पीएसआय, जसाच्या तसा भरायची आपल्याकडे रीत आहे. सत्तर किलोच्या माणसाला सव्वादोन इंची टायरात तिशीच्या आसपासचा दाब पुरतो. त्याहून फार खाली मात्र जाऊ नये, जांभ्याच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटून फुटते.

दुसरे काम ग्रीसचे. कारखान्यातून आलेल्या स्वस्त फोर्कमध्ये ते बोटावर घेण्याइतकेच असते. तळाचे दोन बोल्ट थोडे सैल करून त्यांच्या डोक्यावर रबरी हातोड्याने हलके ठोकावे, मग ते काढले की पाय खाली ओढून निघतात. आतला राडा पुसून, बुशिंग (नळी ज्यांत सरकते त्या आतल्या कड्या) आणि सीलला सस्पेन्शनचे खास ग्रीस भरून पुन्हा बसवले की मेलेला वाटणारा फोर्क हलू लागतो. ट्रकच्या चाकांचे जाड ग्रीस इथे चालत नाही. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल तर मुळीच लावू नये. ते चोवीस अंशांखाली थिजते, खवट होते आणि वाळूला धरून ठेवते. गंज सोडवणारा स्प्रेही सीलवर मारू नये, आतले उरलेसुरले ग्रीस तो धुऊन काढतो. पायांच्या सफाईसाठी रॉकशॉक्स पन्नास तासांची मुदत सांगते. किनाऱ्यावर रोज चालणाऱ्या सायकलला पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा, हे हिशोबापेक्षा लक्षात ठेवायला सोपे.

नळ्या खळगे पडून गेल्या असतील किंवा बुशिंग झिजले असतील तर खर्च वाया जातो. तेव्हा फोर्क बदलावा. खरेदीत फसगत होते ती मापांत. फ्रेमच्या पुढच्या नळीत सरळ सव्वा इंचाला थोडी कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाची दांडी बसते की खाली दीड इंच होणारी निमुळती, हे आधी पाहावे. सरळ दांडी निमुळत्या फ्रेमला योग्य रिंग टाकून बसवता येते. उलटे बहुधा जमत नाही. चाकाचा ॲक्सल ९ मिमीचा की १५ मिमीचा, ब्रेक डिस्कचे की रिमचे, हेही जुळायला हवे. जुना फोर्क घेताना दांडी आधीच्या मालकाने किती कापली आहे ते मोजावे. आणि ८० मिमीसाठी बांधलेल्या फ्रेमला १२० मिमीचा फोर्क लावण्याचा मोह टाळावा. दर २० मिमीला हँडलचा कोन साधारण एका अंशाने मागे कलतो आणि फ्रेमच्या सांध्यावर ताण वाढतो.

हवेवरचा फोर्क वजनाप्रमाणे नेमका लावता येतो आणि त्यात गंजायला स्प्रिंग नसते. पण त्याला वेगळा शॉक पंप लागतो, आणि सील गेले तर प्रवास तिथेच थांबतो. पोलादी स्प्रिंग गंजली, कुरकुरली तरी घरी आणून सोडते.

तिसरा मार्ग दुकानात सहसा कोणी सुचवत नाही: शॉकअप काढून साधा चिमटा बसवणे. रेवस ते रेड्डी हा सागरी मार्ग करणाऱ्याला चढ-उतार फार आणि खडक थोडा, त्यामुळे एखादा किलो वजन कमी होणे अंगाला जाणवते. मात्र असा चिमटा घेताना ॲक्सलपासून वरच्या क्राउनपर्यंतची (दोन्ही पाय जिथे जोडले जातात तिथपर्यंतची) लांबी मोजावी. जुन्या शॉकअपच्या लांबीतून सॅग वजा केली की जो आकडा उरतो, तेवढ्याच लांबीचा चिमटा लागतो. त्याहून आखूड लावला तर हँडल खाली येते आणि वळणावर सायकल बिचकते.