प्राचार्य आंबेडकर : सिडनहॅमपासून सिद्धार्थपर्यंत

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, ही गोष्ट बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकली जाते. मला ते खटकतं. पुढे त्यांनी स्वतः कॉलेजं काढली, त्यामागे वर्गात शिकवण्याचा मोठा अनुभव होता.

सुरुवात झाली १९१८ मध्ये, सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं आणि पगारातून पैसे साठवून ते पुरं करायचं होतं. प्राध्यापकांच्या खोलीत पिण्याच्या पाण्याचं सामाईक भांडं असे. त्यातलं पाणी यांनी घेऊ नये, अशी काही सहकाऱ्यांची हरकत होती! कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस, आणि मुंबईसारख्या शहरात त्याला पाण्यावरून अडवलं जातं. हे वाचताना आजही संताप येतो. विद्यार्थ्यांनी मात्र त्यांना डोक्यावर घेतलं. बाहेरच्या कॉलेजांतली मुलंही त्यांची व्याख्यानं ऐकायला येऊन बसत. १९२० मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली. शिलकीत शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले ५,००० रुपये घालून त्यांनी पुन्हा लंडन गाठलं.

बॅरिस्टर होऊन परतल्यावर १९२८ पासून ते सरकारी विधी महाविद्यालयात अर्धवेळ शिकवू लागले. १८५५ सालचं हे कॉलेज आशियातलं सर्वांत जुनं विधी महाविद्यालय मानलं जातं. तिथलं प्राचार्यपद त्यांच्याकडे आलं जून १९३५ मध्ये. त्याआधी काहीच दिवस, २७ मे रोजी, दादरच्या राजगृहात रमाबाईंचं निधन झालं होतं. ऑक्टोबरात त्यांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, पुढच्या वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. एवढ्या धामधुमीत १९३६ मध्ये त्यांनी कॉलेजच्या मासिकासाठी कायद्याच्या शिक्षणातील सुधारणांवर सविस्तर लेख लिहिला. वकिलाला कायद्याची मूलतत्त्वं पक्की हवीत, जोडीला व्यापक सामान्य ज्ञान आणि मुद्देसूद मांडणीही हवी, हा त्यातला आग्रह. प्राचार्यपद त्यांनी किती मनावर घेतलं होतं, हे त्या लेखावरून कळतं.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. वर्ग सकाळी भरत. दिवसभर कचेरीत राबून घर चालवणाऱ्या मुलाला एरवी पदवीचा विचारच सोडून द्यावा लागे. इथे तो पहाटेची लोकल पकडून तास आटोपायचा आणि तसाच कामावर जायचा. गिरणगावातल्या आणि दलित वस्त्यांमधल्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर असा घडला. १९५३ मध्ये संस्थेचं वाणिज्य महाविद्यालय निघालं आणि १९५६ मध्ये, बाबासाहेबांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, सिद्धार्थ विधी महाविद्यालय.