बेसबॉल कार्ड आणि कालप्रवास: एका बालकथाप्रकाराची पार्श्वभूमी

अमेरिकेत मुलांसाठी लिहिलेल्या बेसबॉलच्या कालप्रवासकथांमधल्या सर्वांत गाजलेल्या मालिकेत कालयंत्र नाही, एक पुठ्ठ्याचा तुकडा आहे. डॅन गटमन यांची ही बारा पुस्तकं १९९७ ते २०१५ या काळात आली. केंटकी राज्यातल्या लुइव्हिलचा जो स्टॉशॅक हा शाळकरी मुलगा जुनं बेसबॉल कार्ड हातात धरतो, बोटांना मुंग्या येतात आणि तो त्या कार्डाच्या काळात जाऊन पडतो. परतीसाठी आपल्या काळातलं कार्ड खिशात हवं. ते हरवलं की पोरगा तिथेच अडकला. नियम इतकेच, आणि दहा वर्षांच्या वाचकाला ते एका पानात कळतात.

पण ही युक्ती बेसबॉललाच इतकी का चपखल बसली? या खेळाची नोंदवही फार काटेकोर आहे. एकोणिसाव्या शतकापासून कोणी किती हिट मारले, कोण कितव्या इनिंगला बाद झालं, सगळं बॉक्स स्कोरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकडेतक्त्यात, छापलेलं सापडतं. आणि तरीही त्याचे सर्वांत गाजलेले क्षण वादात अडकलेले आहेत, कारण बोट कुठे दाखवलं, मनात काय होतं, पैसे का घेतले, हे बॉक्स स्कोर सांगत नाही. या पुस्तकांतला मुलगा म्हणजे उशिरा पाठवलेला साक्षीदार.

कालप्रवास आणि बेसबॉल यांची गाठ मात्र बरीच जुनी. मार्क ट्वेनच्या १८८९ सालच्या कादंबरीत आर्थर राजाच्या दरबारात पोचलेला अमेरिकन माणूस तिथल्या राजेलोकांचे दोन संघ करून चिलखतासकट बेसबॉल खेळवतो. ती थट्टा होती, आणि मुलांसाठी नव्हतीच. एखादी जुनी वस्तू हाती धरून मुलांनी भूतकाळात जायचं, ही रीत इंग्लंडमध्ये ईडिथ नेस्बिट यांनी १९०६ मध्ये ताईताच्या गोष्टीत वापरली. पुढे अमेरिकेत ताईताच्या जागी कार्ड आलं.

आता कार्डाचा इतिहास. सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी चेंगरू नयेत म्हणून एक जाड पुठ्ठा घालत. त्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक पुढचं पाकीटही आपलंच घेतं, हे कंपन्यांच्या लवकर ध्यानात आलं. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात पाचशेहून जास्त वेगवेगळी बेसबॉल कार्डं काढली. आकार साधारण दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडा उंच, म्हणजे काडेपेटीपेक्षा जरासा मोठा. पुढे खेळाडूचं रंगीत चित्र, मागे सिगारेटच्या ब्रँडची जाहिरात. या संचाला आज सगळे ‘टी-२०६’ म्हणतात. हे नाव कंपनीचं नव्हे. जेफरसन बर्डिक या संग्राहकाने अमेरिकेतल्या कार्डांची सूची केली, तिच्यात विसाव्या शतकातल्या तंबाखू-कार्डांना ‘टी’ हे अक्षर दिलं. बर्डिकचा संग्रह आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे.

एक गंमत इथेच सांगायला हवी. टी-२०६ कार्डांवर वर्ष छापलेलं नाही. कार्डाच्या वर्षात जायचं म्हटलं तर या कार्डाने नेमकं कुठे न्यावं? कथेत तो प्रश्न गिळून टाकलेला आहे. नंतरच्या कार्डांतही गोची आहेच. मागे छापलेली आकडेवारी सहसा आदल्या हंगामाची असते. १९५२ चं टॉप्स कंपनीचं कार्ड खेळाडूच्या १९५१ बद्दल बोलतं. असा प्रकार स्वतः लिहू पाहणाऱ्याने कार्ड छापल्याचं वर्ष, चित्राचं वर्ष आणि आकड्यांचं वर्ष आधी वेगळं काढून ठेवावं. नाहीतर पहिल्याच प्रकरणात घोळ होतो.

मालिकेचं पहिलं पुस्तक ज्या कार्डावर उभं आहे ते टी-२०६ मधलंच, होनस वॅग्नरचं. पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा हा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) आठ वेळा नॅशनल लीगचा, म्हणजे अव्वल मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एकीचा, सर्वोत्तम बॅटर ठरला होता. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या दालनासाठी, पहिले पाच खेळाडू निवडले, त्यांत टाय कॉब, बेब रूथ, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन यांच्या बरोबरीने तो होता. त्याचं कार्ड छापायला सुरुवात झाली आणि त्याने परवानगी नाकारली. त्याची संमती मिळवून देण्याबद्दल जॉन ग्रुबर या क्रीडापत्रकाराला दहा डॉलर मिळणार होते, तर वॅग्नरने नकारासोबत तेवढ्याच रकमेचा चेक त्याला पाठवून दिला. मुलांनी कार्डासाठी तंबाखू घेऊ नये म्हणून त्याने नकार दिला, असं एक मत. फुकटात आपला चेहरा वापरू द्यायचा नव्हता, असं दुसरं. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळायचा, त्यामुळे पहिलं मत थोडं लंगडतं. पण स्वतः खाणारा माणूस पोरांना नको म्हणतो, हेही काही नवल नाही. खरं कारण तो स्वतःच सांगू शकला असता. कादंबरीला दार सापडतं ते इथे.

आज या कार्डाच्या साधारण साठेक प्रती ज्ञात आहेत. २०२१ मध्ये एक ६६ लाख डॉलरना विकली गेली, २०२२ मध्ये दुसरी ७२.५ लाखांना. सर्वांत प्रसिद्ध प्रतीची हकीकत मात्र वेगळी. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी ती १९९१ मध्ये ४,५१,००० डॉलरना घेतली आणि पीएसए या प्रतवारी कंपनीने तिला दहापैकी आठ गुण दिले. ऐंशीएक वर्षं पाकिटांतून, खिशांतून, खोक्यांतून फिरलेल्या पुठ्ठ्याच्या कडा इतक्या धारदार कशा राहतील, ही शंका तेव्हापासून होती. २०१३ मध्ये लिलावदार बिल मॅस्ट्रोने कडा आपणच कापल्याचं कबूल केलं. कार्डं तपासणारे म्हणूनच आधी मोजपट्टी काढतात. कोपरे टोकदार, कडा ताज्या आणि माप किंचित कमी असेल तर कात्री लागली आहे असं समजायचं. अशा कार्डाला आकड्यात प्रत देत नाहीत, फक्त ‘अस्सल’ म्हणतात. ग्रेट्झकीच्या कार्डाची मात्र किंमत उलट वाढतच गेली होती.

कार्डाचं माध्यम पुढे बदलत गेलं. १९३३ मध्ये गौडी कंपनीने च्युइंगगमबरोबर २४० कार्डांचा संच काढला आणि त्यातलं १०६ क्रमांकाचं कार्ड छापलंच नाही. संच पूर्ण करू पाहणारी मुलं गम विकत घेतच राहिली. तक्रारी गेल्यावर पुढल्या वर्षी ते कार्ड टपालाने पाठवावं लागलं. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनची कार्डं बॉन्ड ब्रेड या पाववाल्या कंपनीने काढली. १९५२ चा टॉप्सचा ४०७ कार्डांचा संच आधुनिक कार्डांचा पाया मानतात. त्यातल्या मिकी मँटलच्या ३११ क्रमांकाच्या कार्डाला २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर आले. त्याच संचाचा न विकला गेलेला साठा १९६० च्या सुमाराला कंपनीने बार्जवर लादून अटलांटिकमध्ये बुडवला, अशी आठवण तो संच घडवणाऱ्या साय बर्गरने सांगून ठेवली आहे.

वादाच्या क्षणांमध्ये सगळ्यांत वरचा मान बेब रूथचा. १ ऑक्टोबर १९३२, शिकागोचं रिग्ली फील्ड, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना: रूथचे यांकीज विरुद्ध शिकागोचे कब्ज. पाचव्या इनिंगमध्ये ४-४ अशी बरोबरी. कब्जचे खेळाडू डगआउटमधून (मैदानालगतच्या खेळाडूंच्या बाकांवरून) रूथला शिव्या घालत होते. दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्याला बॅटर बाद) त्याने हात वर करून काहीतरी खूण केली आणि कब्जचा पिचर (चेंडू टाकणारा) चार्ली रूट याचा पुढचा चेंडू सेंटर फील्डच्या पलीकडे गेला. त्या दिवशीचा हा त्याचा दुसरा होमरन. यांकीज सामना ७-५ ने जिंकले, मालिकाही ४-० ने. जो विल्यम्स या पत्रकाराच्या बातमीला रूथने आधी सांगून होमरन मारला अशा अर्थाचा मथळा आला आणि दंतकथा जन्मली. रूटचं म्हणणं साधं होतं: त्याने खरंच तसं दाखवलं असतं, तर पुढचा चेंडू मी त्याच्या अंगावर टाकला असता. शतकाच्या अखेरीला प्रेक्षकांनी घरगुती कॅमेऱ्यांवर घेतलेल्या दोन फिल्म उजेडात आल्या. हात वर गेलेला दोन्हींत दिसतो. रोख मात्र एकीत नीट कळत नाही, आणि दुसरी पाहणाऱ्या बऱ्याच जणांना तो कब्जच्या डगआउटकडे वाटतो. गटमन यांनी जो आणि त्याच्या वडिलांना त्याच दिवशी तिथे पाठवलं, ते याचसाठी.

असा प्रसंग रंगवताना चुका तपशिलात होतात. रिग्ली फील्डच्या भिंतीवरची आयव्हीची वेल १९३७ मध्ये लावली, हाताने फिरवायचा मोठा धावफलकही तेव्हाचाच. १९३२ मधल्या दृश्यात वेल दाखवली की जाणकार वाचक पुस्तक मिटतो. रूथचा ३ हा आकडा १९२९ पासूनचा, त्याआधी यांकीजच्या पाठीवर आकडे नव्हते. मेजर लीगचा पहिला रात्रीचा सामना १९३५ मध्ये सिनसिनाटीत झाला. पहिलं रेडिओ प्रक्षेपण १९२१ चं, त्यामुळे १९०९ च्या घरात कोणी सामना ऐकत बसलेलं नको. इनिंग संपल्यावर खेळाडू हातमोजे मैदानातच टाकून जात. ती पद्धत १९५४ मध्ये बंद झाली. आणि १९२० पूर्वीचा चेंडू पांढराशुभ्र नसे. माती, थुंकी आणि तंबाखू लागून तो काळा पडे, नरम होई, आणि तोच चालवत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलो ग्राउंड्सवर कार्ल मेजचा चेंडू डोक्याला लागून क्लीव्हलंडचा रे चॅपमन दुसऱ्या दिवशी गेला. चेंडू त्याला दिसलाच नसावा, असं तेव्हाही बोललं गेलं. त्यानंतर पंच मळका चेंडू लगेच बदलू लागले. नव्या बॅटरना हेल्मेट सक्तीचं व्हायला मात्र १९७१ उजाडलं.

सॅचेल पेज या पिचरवरच्या पुस्तकात जो आणि त्याचा प्रशिक्षक थेट रडार गन घेऊन १९४२ मध्ये जातात. कल्पना फारच छान, कारण पेज किती वेगाने टाकायचा याचा आकडाच नाही. तो निग्रो लीगमध्ये, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये, खेळला आणि मेजर लीगमध्ये आला तो १९४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी. पण रडार गनची स्वतःची खोड आहे. ती चेंडूच्या मार्गाच्या रेषेत धरली तरच खरा वेग दाखवते. वीस अंश बाजूला उभं राहिलं की ताशी १०० मैलांचे ९४ होतात. शिवाय हातातून सुटलेला चेंडू प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटरपर्यंत, पोचताना हवेमुळे साधारण आठ टक्के मंदावतो, म्हणून मोजमाप कुठे घेतलं हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. पिचर बॉब फेलरचा १९४६ मध्ये लष्करी उपकरणाने मोजलेला ताशी ९८.६ मैल हा वेग प्लेटजवळचा होता. आजच्या पद्धतीने हाताजवळ मोजला असता तर शंभराच्या बराच वर गेला असता. पेजच्या बाबतीत दंतकथा याहून दाट आहे. त्याने मुद्दाम बॅटरना वॉक (फुकट पहिला बेस) देऊन बेस भरले आणि जॉश गिब्सन या बॅटरला तीन चेंडूंत बाद केलं, ही १९४२ च्या मालिकेची कहाणी समकालीन वृत्तान्तांशी नीट जुळत नाही.

आधुनिक मेजर लीगमधला पहिला काळा खेळाडू जॅकी रॉबिन्सन याच्यावरचं पुस्तक मात्र वादावर उभं नाही, आणि माझ्या मते ते मालिकेतलं सर्वांत धाडसी आहे. १५ एप्रिल १९४७ च्या त्याच्या पहिल्या सामन्याबद्दल बॉक्स स्कोर फार थोडं सांगतो: रॉबिन्सन पहिल्या बेसवर खेळला, हिट एकही नाही, त्याचा डॉजर्स संघ ५-३ ने जिंकला. गटमन गोऱ्या जोला त्या काळात काळ्या मुलाच्या रूपात उतरवतात. मग बॉक्स स्कोरमध्ये न मावणारा भाग त्याच्या अंगावर येतो. त्या महिन्यात फिलाडेल्फियाचा व्यवस्थापक बेन चॅपमन याने रॉबिन्सनवर केलेली शिवीगाळ इतिहासात नोंदलेली आहे. पी वी रीस या गोऱ्या सहखेळाडूने रॉबिन्सनच्या खांद्यावर हात टाकल्याचा प्रसंग पुतळ्यात कोरला गेला, तरी त्या वर्षीचा त्याचा फोटो नाही. लेखकाने इथे जपून पाऊल टाकावं.

मुलांना पडणारा मोठा प्रश्न म्हणजे, भूतकाळात जाता येतं तर तो बदलता का येत नाही? मालिकेने उत्तर सोपं ठेवलं आहे: मुलगा प्रयत्न करतो, पण शाळेत शिकवला जातो तो इतिहास शेवटी जागेवरच राहतो. पुस्तकाच्या शेवटी खरं काय आणि रचलेलं काय याची वेगळी टीप असते. शिक्षकांनी ही पुस्तकं वर्गात घेतली यात तिचा वाटा मोठा आहे. अब्नर डबलडेवरच्या पुस्तकात तिची गरज सर्वांत जास्त. बेसबॉल १८३९ मध्ये कूपर्सटाउनला डबलडेने शोधला, हा १९०७ च्या मिल्स समितीचा निष्कर्ष मुख्यतः अब्नर ग्रेव्ह्ज नावाच्या म्हाताऱ्याच्या पत्रावर टेकलेला होता. १८३९ मध्ये ग्रेव्ह्ज पाच वर्षांचा होता आणि डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत. तरी १९३९ मध्ये हॉल ऑफ फेम उभा राहिला तो कूपर्सटाउनलाच.

या टिपा आता जागोजागी जुन्या झाल्या आहेत. मे २०२४ मध्ये मेजर लीगने निग्रो लीगची आकडेवारी आपल्या नोंदींत घेतली आणि .३७२ च्या सरासरीने (बॅटिंगच्या संधींमागे मारलेले हिट) जॉश गिब्सन टाय कॉबच्या वर गेला. शूलेस जो जॅक्सनवरचं पुस्तक २००२ चं. १९१९ ची वर्ल्ड सिरीज हरण्यासाठी त्याने ५,००० डॉलर घेतले, त्याच मालिकेत .३७५ च्या सरासरीने बारा हिटही मारले. १९२१ मध्ये ज्युरीने सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी आयुक्त लँडिस यांनी त्याच्यासह आठ खेळाडूंवर कायमची बंदी घातली. बंदी मृत्यूबरोबर संपते, असा निर्णय मे २०२५ मध्ये आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी दिला आणि १९५१ मध्ये वारलेला जॅक्सन अपात्रांच्या यादीतून बाहेर आला.